इसाव्याचा बाक

शामकांत : लिहून ठेवा, गहिनीनाथ! इथून पुढे या वाडीचा इतिहास दोन भागांत सांगितला जाईल. आराखड्याआधीचा आणि आराखड्यानंतरचा!

गहिनीनाथ : लिवतो की, साहेब. जरा उठता का? वही तुमच्या खाली हाय.

शामकांत : अरेच्चा! मला वाटलं, घोंगडीची घडी आहे.

गहिनीनाथ : अंगनात भुईवर नकाशा काढला तवाबी तुमी वरच्या आळीवर बसला हुता. सात घरं दिसंनात. मग तुमाला उठवलं.

शामकांत : काय करणार, नोकरीत चौतीस वर्षं खुर्चीवर काढली. जमिनीवर कुठे काय आहे ते कळत नाही. पण गावाचं नियोजन गावानंच करावं, आम्ही मार्गदर्शकांनी फक्त वाट दाखवावी, हे तत्त्व मात्र मी सोडलं नाही.

गहिनीनाथ : व्हय तर. म्हनून तर राजूरला तुमाला न्यायला आलो. मागल्या खेपंला वाट चुकून दुसऱ्याच वाडीला मार्गदर्शन करून आल्ता.

शामकांत : चहा मात्र त्यांनी छान पाजला. असो. रंगुबाई, इकडे या, बसा. ही फ्रेम बघा. आदिवासी वाड्यांनी स्वतः केलेल्या आराखड्यांत तालुक्यात पहिला नंबर! नगरपासून एसटीत मांडीवर धरून आणली. काच आहे ना. आणि खाली नाव कुणाचं आहे, वाचा.

रंगुबाई : मला कुटं वाचाया येतं?

शामकांत : मग वाचणारीलाच बोलवा. तिचंच नाव आहे, कुमारी सविता. तुमची लेक नसती ना, तर माझ्या हातून हा नकाशा झाला नसता. कुठाय ती? मी वाटेत तीनदा विचारलं, हे गहिनीनाथ आपले गप्प.

गहिनीनाथ : मावशी सांगंल, म्हनलो की. माज्या तोंडून नगं.

शामकांत : का? लग्न ठरलं वाटतं! मला पत्रिका नाही?

रंगुबाई : सवी गेली, साहेब.

शामकांत : कुठे?



रंगुबाई : आवनीचं, भातलावनीचं दिस हुतं. बांधावर फुरसं चावलं. झोळीत घातली, चौघं पळत इसाव्यापातुर आलं. वढ्याला ह्ये पानी. पलीकडं दवाखान्याची गाडी उभी. तिचा दिवा फिरतोय, आमाला दिसतोय. पन पानी काय उतरंना.

शामकांत : इसावा म्हणजे… आपला विसावा? जिथे बाक केला?

रंगुबाई : तितंच. आजाऱ्याची झोळी वढ्यापाशी टेकवायची, खांदा बदलायचा, मग पानी वलांडायचं. त्या जागेला आमी इसावा म्हनतो. माज्या सासूच्या आधीपासनं.

शामकांत : नकाशावर तुम्ही सगळ्यांनी तिथेच मताचे हिरडे टाकले होते. पहिलं काम कुठे करायचं म्हणून.

गहिनीनाथ : एकशे चौदा हिरडे. वाडीत मतदार एकशे बारा. दोघांनी दोन-दोन टाकलं.

शामकांत : आणि रंगुबाई, तुम्ही म्हणालात, इसाव्याला काहीतरी करा.

रंगुबाई : म्हनले.

शामकांत : माझ्या बंगल्याचं नाव ‘विसावा’ आहे हो. दारात बाक आहे, जास्वंद आहे. मला वाटलं, थकलेली माणसं, बसायला जागा मागताहेत… मी लिहिलं, बाक एक, फुलझाडं सहा. तुम्हाला ओढ्यावर साकव हवा होता, छोटा पूल!

गहिनीनाथ : चार पावलं टाकाय यावी, येवढाच.

शामकांत : पण मग कुणी बोललं का नाही? सविता तर शेजारी बसून लिहीत होती!

रंगुबाई : बोलली ती मला. म्हनली, आये, साहेबांनी बाक लिवलाय. मीच म्हनलं, गप. सरकारच्या भाषेत साकवाला बाक म्हनत असतील. शिकल्याला मानूस हाय, चुकायचा न्हाई.

शामकांत : रंगुबाई…

रंगुबाई : पर बाक कामाला आला. त्यावरच निजवली तिला. चिखलात ठेवाय लागली न्हाई. लांबीला बरोबर पुरला, साहेब. पाय बी बाहेर आलं न्हाईत.

शामकांत : मी मघाशी त्याच्यावर बसून डबा खाल्ला.

गहिनीनाथ : बघितलं मी. थालीपीठ हुतं.

शामकांत : आणि तुम्हाला म्हणालो, पाठ छान टेकते.

गहिनीनाथ : म्हनला.

शामकांत : त्यावर माझं नाव कोरलंय. संकल्पना म्हणून. उद्या पहिलं ते फोडा. आणि ही फ्रेम मी परत करतो. जिल्ह्याला जातो, सगळ्यांसमोर सांगतो की हा आराखडा माझ्या मूर्खपणाचा आहे. राजीनामा देतो!

गहिनीनाथ : राजीनामा नगं. साकवाच्या कागदावर मार्गदर्शकाची सही लागती. नवा मानूस आला तर त्येला इसावा पयल्यापासनं शिकवाय लागंल. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा हाय, तवा या. या येळंला लिवायचं काम मी करतो. तुमी निस्ती सही करा.

शामकांत : करतो. वाचून दाखवा, मग करतो. पण रंगुबाई, तुम्ही मला काहीतरी बोला हो. शिव्या द्या. मी… तुमच्यासाठी काय करू, ते तरी सांगा.

रंगुबाई : ती फ्रेम परत करनार म्हनला ना?

शामकांत : आत्ता. तुमच्या डोळ्यांसमोर नको ती.

रंगुबाई : कागुद न्या. काच तेवढी ठिवा. सवी नकाशा काढीत हुती, तवा तुमी फोटू काढला हुता, बगा. तोच भिताडाला लावलाय. बिनकाचेचा हाय. चुलीचा धूर बसतोय तिच्या तोंडावर.