मारणाऱ्याने जखम सांगायची

"हॅलो? … हॅलो, कोण? … अगं, आधी श्वास घे. रडतेयस की पळत आलीयस? … दोन्ही. बरं."

आत्याआजींनी कात्री खाली ठेवली. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा डोंगर अर्धाच कापून झाला होता आणि चार वाजता मुलं येणार होती, दर शनिवारसारखी. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवल्यावर हा खेळ त्यांनी पोरांकडूनच उचलला होता. प्रत्येकाने कागदावर आपलं पात्र लिहायचं, वीस तोंडांचा फासा टाकायचा, आणि राक्षस, तलवारी, जादू असं बाकी सगळं बोलूनच घडवायचं. गोष्ट पुढे नेण्याचं काम आत्याआजींचं. नियम पुस्तकातले, एक सोडून. तो त्यांचा स्वतःचा होता: जो मारेल, त्यानेच जखम सांगायची. नुसतं 'मेला' म्हणून सुटका नाही. कुठे लागलं, काय तुटलं, जीव जायला किती वेळ लागला, सगळं.

फोनवर होती त्यांच्या भाचीची मुलगी, अकरा वर्षांची चिमी.

"हो, हो… नवीन पात्र लागणारच तुला. जुनी मेली ना. … मला माहितीये कशी मेली, मीच होते तिथे. … ऐक ना, मी काही विसरलेली नाही."

गेल्या शनिवारी चिमीची तलवारवाली झुलत्या पुलावर सात राक्षसांना एकटी थोपवून उभी होती. बाकीचे पलीकडे पोचले. त्यात चिमीचा थोरला भाऊ, म्हणजे त्याचा तिरंदाज. दादाने मागे वळून पाहिलं आणि पुलाचा दोर कापला. राक्षस गेले, तलवारवालीही गेली. चाल म्हणून चाल चोख होती. पण जखम सांगायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाला, मी दोर कापलाय, माणूस नाही. सहा वाजून गेले होते, दारात आया उभ्या होत्या, म्हणून आत्याआजींनी ते तसंच सोडून दिलं.

"मग काय केलंस? … त्याची कंपासपेटी? खिडकीतून? … कितव्या मजल्यावरून गं? … आणि त्याने? … गच्चीत कोंडलं. किती वेळ? … हं. म्हणून आज चावलीस. … रक्त आलं? … वरच्या दातांचं की खालच्या? … नाही, सहज विचारलं."

पुढचं ऐकताना मात्र त्या खुर्चीत सरळ बसल्या.

"आई असं म्हणाली? … आज टेबलावर भांडण झालं की खेळ कायमचा बंद. … नाही बाळा, ती बोलते ते करते. मी ओळखून आहे तिला. … बरं, तू सांग, काय घ्यायचंय? … जादूवाली. कुठली? … 'सगळ्यात जास्त जाळणारी' असा प्रकार नसतो. तीन प्रकार आहेत. ऐक ना… अगं ऐक."

शिकवायचं म्हटलं की त्यांचा आवाज आपोआप संथ व्हायचा.

"पहिली पोथीवाली. रोज सकाळी मंत्र पाठ करायचे, ते दिवसभर पुरवायचे. … हो, गृहपाठच. आणि अंगाने काडी. एक थोबाडीत बसली की आडवी. … दुसरी जन्मजात. जादू रक्तातच, पाठांतर नाही काही नाही. राग आला की आग. पण सुटली की लगाम हातात राहत नाही, फासा म्हणेल तेवढं जळणार. … तिसरी करारवाली. कुठल्यातरी काळ्या शक्तीशी करार करायचा. ती आज देते आणि एक दिवस मागते. … काय मागते ते आधी सांगत नाही, तीच तर मेख आहे. … दुसरी? वाटलंच मला. … आणि पहिल्याच फेरीत कुणाला जाळणार? … दादाला. … दादाच्या तिरंदाजाला, असं म्हण. … बरं, दोघांना."

बेडूक कापायच्या तासाला जो मुलगा सगळ्यात मोठ्या फुशारक्या मारायचा, आत्याआजी त्याच्याच हातात पहिली सुरी द्यायच्या. पोरगं पांढरं पडायचं आणि वर्ग गप्प. आता त्यांनी तोच डाव टाकला.

"नियम माहितीये ना? मग मला आत्ताच सांग. जखम. मी ऐकतेय. … हं, केस आधी. बरोबर, ते पटकन पेटतात. … भुवया, पापण्या. … कातडी वितळत नाही, बाळा. आक्रसते, फोड येतात, मग फाटते. … चरबी वितळते, हो. मेणासारखी. … नाही, तो ओरडणार नाही. त्या ज्वाळेतच श्वास घेतला ना त्याने? घसा आतून सुजतो. तोंड उघडं, आवाज नाही. … गुडघ्यांवर. हं. … मग बोटं?"

तीन वाक्यांत पोर मऊ पडेल, असं त्यांना वाटलं होतं. चिमी थांबेचना. बोटं आकसून मुठी झाल्या. धनुष्याची दोरी तुटून गालावर बसली आणि गाल दातांपर्यंत उघडला. पोटावरचा चामड्याचा पट्टा कातडीला चिकटला, तो ओढावा तर कातडीही आली. इतकं क्रमवार उत्तर तीस वर्षांत परीक्षेतही कुणी लिहिलं नव्हतं. आत्याआजींना कौतुक वाटलं आणि अंगावर काटाही आला. डाव फसला होता.

"संपलं? … किती वेळ लागला त्याला? … चार मिनिटं. … हं. … मग आता का रडतेयस? … काय म्हणालीस? पुन्हा सांग."

चिमीने पुन्हा सांगितलं. आत्याआजींनी ते वाक्य हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं.

"'मी त्याचं सगळं सांगितलं. माझं कुणी सांगितलंच नाही.'"

आठवडाभर ती तलवारवाली पडतच होती तर. तिला तळच लागला नव्हता.

"दादा कुठेय? … दाराबाहेर. ऐकतोय? … दे त्याला फोन. … चावू नकोस, नुसता दे."

पलीकडे फोन हातातून हातात गेला.

"हां, अरे, हात साबणाने धुतलास का? … ऐक. गेल्या शनिवारी मी तुला सोडलं. चूक माझी. आता सांग. … नाही, दोर नाही. दोर मेला नाही. … 'पडली आणि मेली.' दरी किती खोल होती? … मग एवढ्या लवकर कशी पोचेल ती? आधी काय झालं? … फळी. कुठे लागली? … बरगड्यांवर. किती मोडल्या? … मग श्वास घेताना काय होतं? … हो, आतून टोचतात. … आणि राक्षस? … पाय धरला. … पिरगळला. कुठे मोडला? … घोट्यात. … बोल, ऐकतेय मी. … ती पण ऐकतेय, माहितीये. म्हणूनच सांगायचंय."

नळाखालच्या भांड्यात पाणी ठिबकत होतं.

"लटकली होती? … तुटक्या दोराला. एका हाताने. … आणि वर बघत होती. … तुझ्याकडे. … हे तू टेबलावर बोलला नाहीस, अरे. … राक्षस तिच्या अंगावरून वर चढायला लागले. बरं. … मग? … पुन्हा सुरा काढलास. … दोरावर? … दोरावर तिचा हात होता ना? … हं. … किती बोटं? … तीन. … मग सुटली. … खाली खडक. … डोकं आधी. … बास. आता कळलं. … नाक पूस. तिला दे."

आत्याआजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिला गरम झाला होता.

"चिमे? ऐकलंस? … तीन, हो. … आता ती मेली. नीट मेली. … मग सांग, कुठली घेतेस? चार वाजत आले. … पोथीवाली? अगं, पाठांतर… … हं. … हो, मंत्र अर्ध्यात थांबवता येतो तिला. जन्मजात आगीला नाही येत. … पण जाळणारच? … कुठे? … डावा हात. … किती? … तीन बोटं. तेवढीच. … दादा मागून काय म्हणतोय? … करंगळीकडून मोज म्हणतोय? … रास्त आहे. अंगठा आणि एक बोट उरलं तर धनुष्य धरेल कसंबसं. … पण आज टेबलावर भांडण नाही हं. शांतपणे जाळायचं. आणि जखम तू सांगायचीस, त्याने मध्ये बोलायचं नाही. … या मग दोघं. ठेव आता. … काय? … लहान आतडं? सहा मीटर. … का विचारतेयस? … पोथीत असला मंत्र नाहीये, चिमे. … चिमे? … हॅलो?"