मधलं चाक

आयर्लंडमधल्या मलिंगारच्या हॉस्पिटलात, फिजिओथेरपीच्या दाराबाहेर, माझ्या मागच्या खुर्च्यांवर एक मराठी जोडपं बसलं होतं.

"इंद्रनील, गॅरेजमधलं ते जुगाराचं जुनं स्लॉट मशीन विकलंस का एकदाचं?"

"नाही गं. गिऱ्हाईक आलं होतं शनिवारी. मधलं चाक अजून अडकतंय, म्हणून सांगितलं त्याला."

"अडकतंय? बाबांनी परवाच नीट केलं ना?"

"केलं. मीच परत स्प्रिंग ढिली केली."

"कशाला पण?"

"अगं, विकण्याआधी चाकं तपासायची म्हणून बाबा दिवसभर उजव्या हातानं हँडल ओढतात. स्ट्रोकनंतर त्या हातात चमचा धरत नव्हते. फिजिओनं दाबायला दिलेला बॉल फेकून दिला. म्हणे, मी काय लहान पोर आहे?"

"आणि त्यांना कळलं तर?"

"छे! काही कळत नाही."

दार उघडलं. काठी टेकत म्हातारे बाहेर आले.

"काय म्हणाली फिजिओ, बाबा?"

"हात ग्रँड आहे म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत झकास. घरी काय करता, विचारत होती."

"मग?"

"म्हटलं, पोरगा रोज काम काढून ठेवतो. इंद्रनील, उद्या ती स्प्रिंग राहू दे. तिसऱ्या चाकाचं काहीतरी बिघडव. रोज तेच तेच काय करायचं?"