नऊ नंबरच्या पिंजऱ्यातली भाची

डॉक्टर : पिंजरा कुठाय?

मामा : पिंजरा नाही हो मॅडम, हा आमचा हॉल. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय.

डॉक्टर : बसायला वेळ नाही. प्राणिसंग्रहालयाच्या वहीत तुमच्याच अक्षरात लिहिलंय. "पिंजरा नऊ. नवीन मादी, वय एकोणीस. कोपरा सोडत नाही. अकरा दिवस अंघोळ नाही. केळं दाखवलं की तोंड फिरवते." साहेबांनी डोळे झाकून सही केली. खाली टेम्पोत वीस किलो गाजरं आलीत.

मामा : अरे देवा! सकाळच्या घाईत वह्यांची अदलाबदल झाली. ती घरची नोंद होती, आमची खोली नऊ नंबरची.

डॉक्टर : घरी कुठलं जनावर पाळलंय?

मामा : जनावर कसलं, भाची आहे. ही काय, कपाटाआड बसलीय.

भाची : मामा, तू माझी वही ठेवतोस?

मामा : बावीस वर्षं जनावरं सांभाळतोय गं. काळजी करायची दुसरी रीत मला येत नाही.

भाची : आणि "मादी" लिहिलंस?

मामा : रकानाच आहे तसा.

डॉक्टर : वजन?

मामा : चार किलो उतरलंय.

भाची : तुला काय माहीत?

मामा : भंगारवाल्याचा मोठा काटा आणला होता. तू झोपली होतीस, तुला पलंगासकट चढवलं. मग पलंग वजा केला.

भाची : तो भूकंप नव्हता?

मामा : नाही. आणि भूकंप समजूनही तू कूस बदलली नाहीस. तेही लिहून ठेवलंय.

डॉक्टर : हे सुरू कशानं झालं?

मामा : दोन महिन्यांपूर्वी स्कूटरचा अपघात. हिला साधं खरचटलंही नाही. मागे बसलेली मैत्रीण गेली.

भाची : मी चालवत होते.

(खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहतो.)

डॉक्टर : जीभ दाखव.

भाची : मी माणूस आहे.

डॉक्टर : माणसांचं मला काही कळत नाही, म्हणून तर जिभेपासून सुरुवात. माणसांच्या डॉक्टरांना दाखवलं का?

मामा : दर गुरुवारी समुपदेशक बाईंकडे नेतो. त्या म्हणाल्या, छोट्या सवयी लागू देत. दात घासणं, अंघोळ, दोन घास. स्वतःची काळजी घ्यायला शीक म्हणाल्या.

भाची : स्वतःची! ती तिथे रस्त्यावर पडली आणि मी घरी केसांना शाम्पू लावत बसू? लाज वाटते मला. नुसते दात घासतानाही वाटते.

मामा : हे मला कधी बोलली नाहीस.

भाची : बोलणार कधी? तू सारखं केळं दाखवत होतास.

डॉक्टर : हे बघ मुली. मागे आमच्याकडे एक भिंत कोसळली. तीन हरणं गेली, एक वाचलं. त्या वाचलेल्यापुढे आम्ही सकाळी पाणी ठेवलं. तू का वाचलंस, असं विचारत बसलो नाही.

भाची : त्याला कुठे काय कळत होतं?

डॉक्टर : सगळं कळत होतं. आठ दिवस खाली टेकलं नाही ते. पण पाणी सातला म्हणजे सातला. तुझा मामा एक दिवस चुकला नाही. नवव्या दिवशी प्यायलं.

भाची : पण भिंत त्यानं पाडली नव्हती.

डॉक्टर : नव्हती. तुझी चूक होती की नव्हती, तेही मला ठाऊक नाही. पाण्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

मामा : मॅडम, गाजरांचं काय करू?

डॉक्टर : ठेवून घ्या. मंजुरी रद्द करायचा अर्ज तीन प्रतींत भरावा लागतो. त्यापेक्षा मी ही भाची जनावर आहे असं मानायला तयार आहे.

मामा : वीस किलो आहेत हो!

डॉक्टर : शेजाऱ्यांना वाटा. निघते मी. जिराफाच्या घशात काहीतरी अडकलंय आणि तो घसा संपता संपत नाही.

भाची : डॉक्टर, त्या हरणानं पाणी प्यायल्यावर काय केलं?

डॉक्टर : काही नाही. उभंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःचं अंग चाटायला लागलं.

भाची : मामा...

मामा : काय गं?

भाची : एखादा धुतलेला टॉवेल आहे का रे?