माह्या बोटाचं रक्त

हसू नका गड्याहो, मले अजून लाज वाटते. पंचाहत्तरच्या आसपास मी मलेरिया खात्यात होतो. घरोघरी जाऊन ताप विचाराचा, तापलेल्या माणसाच्या बोटाले सुई टोचून थेंबभर रक्त काचेवर घ्याचं, हे माहं काम. एकदा रिठदले जाचा कंटाळा आला. घरीच बसून आपल्याच बोटाले टोचलं आन् दहा काचांवर रिठदच्या दहा माणसायची नावं टाकली.

तवा अकोल्याचे एक गणिताचे प्रोफेसर आमच्या काचांवरून हिशेब मांडून राह्यले होते, की ताप कोणत्या गावात वाढीन. तिथं आधी फवारणी. मले म्हणाले, "रिठदला ताप नाही. फवारणी किन्हीराजाला पाठवू." मी मान हलवली.

महिन्याभरात रिठद घरोघर फणफणलं. प्रोफेसर तिथंच एका ओसरीवर वही उघडून बसले. "माझं गणित कुठंतरी चुकलं हो. या लोकांना काय तोंड दाखवू?"

मी म्हणलं, "होते सर कधी कधी."

गणित कायले चुकते! मले ताप नाही, हे त्यानं बरोब्बर सांगतलं होतं.