आयर्लंडच्या माळ्यानं पाह्यलेली वर्धा

माहं गाव देवळीच्या पल्याड. बाप दुसऱ्याच्या वावरात राबे, कापसाची पऱ्हाटी आमच्या हातची पन आमची नाई, अन् मी लहानपनापासून झाडाचा येडा, म्हनून लग्न झाल्यावर बायको म्हने, तुम्ही मानसाशी कमी अन् झाडाशी जास्त बोलता, तं शहरात जाऊन तेच काम काऊन नाई करत. तसे आलो आम्ही वर्ध्याले लागून असलेल्या बोरगाव मेघेले. वर्ध्याच्या एका कॉलेजात रोजंदारीवर माळी लागलो, मंग पक्का झालो, आता एकतीस वर्सं झाली, या उन्हाळ्यात रिटायर होतो. काय सांगू तुम्हाले, सत्कार कोनाचाबी असो, गुच्छ माह्या बागेतला, बाग छान आहे म्हननारे लय भेटले, पन नामदेव, हे तू कसं केलं, असं इचारनारा एक नाई भेटला.

आमच्या कॉलेजात इंग्रजीच्या मॅडम आहे, त्याइचा भाऊ आयर्लंडात राह्यते, अन् त्या भावाचा शेजारी हा ब्रेंडन. उमर साठीच्या वर, जनमभर तिकडे एका मोठ्या बागेत माळी. औंदा संक्रांत झाल्यावर तो आठ दिवस मॅडमच्या घरी पाहुना आला. मॅडम म्हने, नामदेवभाऊ, तुम्ही चाला आमच्यासंगं, तो झाडाचंच इचारते अन् मले बाभूळ अन् बोर यातला फरक कळत नाई. मी लगेच हो म्हटलं. मनात एकच होतं, हा आपल्या धंद्याचा मानूस, शेवटच्या दिवशी तो आपलं कॉलेज पाहाले येनार, तवा त्याले बाग दाखवू अन् इचारू, बाबा, खरं सांग, मी माळी आहो का नुसता पानी घालनारा.

पयले गेलो सेवाग्रामले. लोकं तिथं मातीची कुटी पाह्यते, फोटो काढते, हा अंगनातच उभा. मॅडमले म्हने, एवढे मोठे झाडं अन् खाली एक पान नाई, हे रोज कोन झाडते? झाडनारी बाई तिथंच होती, तिले त्यानं वाकून हात जोडले, ती बिचारी लाजून खराटा घेऊन पारच पलीकडे गेली. मंग पवनारले. धाम नदीच्या खडकावर बसून लोकं मावळता सूर्य पाह्यते, आम्ही त्याले बरोबर टायमावर नेलं, तं हा खाली रेतीत उतरला. तिथं एक जन डांगर-टरबुजाची वाडी लावून राह्यला होता, रेतीत खड्डे, खड्ड्यात खत, खतात बी. त्याच्यापाशी उकिडवा बसला अन् सूर्य गेला तरी उठे ना. म्हने, आमच्याकडं बाराही महिने पाऊस, झाडाले पानी घालाच लागत नाई, उलटं काढून द्या लागते. मी म्हटलं, मंग तिथं माळ्याले पगार कायचा देते? मॅडमनं ते इंग्रजीत सांगतलं तं तो पोट धरून हासला. बोर धरनाच्या जंगलातबी तेच, गाडीतले सगळे वाघ वाघ करून राह्यले होते अन् हा धावड्याच्या झाडाच्या सालीकडे पाहून राह्यला होता. वाघ दिसला नाई, त्याले त्याचं काई वाटलं नाई.

मी संगं हासत होतो, पन ध्यान कॉलेजातल्या वाफ्याइकडे होतं. काऊन, तं आदल्या हप्त्यात प्राचार्य साहेबानं बोलावून सांगतलं होतं, परदेशी पाहुना येते, वाफे उघडे दिसाले नाई पाहिजे. शेवंती सरली होती, मी वाफे खोदून, शेनखत घालून माती उन्हाले मोकळी ठेवली होती, तेच बरोबर असते, पन साहेबाले मोकळी माती दिसली की कामचोरी दिसते. त्याइनं झेंडूच्या, पिटुनियाच्या कुंड्या इकत आनल्या अन् म्हने, कुंडीसकट पुरा, वरून माती ओढा, इथंच वाढल्यासारखं दिसलं पाहिजे, अन् पाहुन्याले काई बोलाचं नाई. मले नाई म्हनता आलं नाई. दोन दिवस कुंड्या पुरत होतो अन् सोताचीच शरम वाटत होती.

शेवटच्या दिवशी तो आला. साहेबानं हार घातला, चहा दिला, अन् बागेत आनलं. हा गडी वाफ्यापाशी बसला अन् सवयीनं बोट मातीत खुपसलं, ओल पाहाले. बोट कुंडीच्या काठाले लागलं. त्यानं वर पाह्यलं, माह्याकडे. मी मॅडमले म्हटलं, मॅडम, त्याले सांगा, हे माहे झाडं नोहे, इकतचे आहे, मी पुरले. साहेबाचं तोंड एवढुसं झालं. मॅडमनं सांगतलं. तो म्हने, आमच्या मालकाकडं मोठे पाहुने येत, तवा मीबी हेच करो. मंग गुडघे झाडून उठला अन् म्हने, आता तुहे दाखव.

मी त्याले अन् मॅडमले लायब्ररीच्या मांगं नेलं. तिथं माह्या हातचे तीन निंबूचे झाडं आहे. गोल आळे केलेले, रोज सकाळी काठोकाठ पानी भरो मी, बुंध्याले गेरू मारलेला. दोन वर्सांपासून पानं पिवळे पडत, बुंध्यातून डिंक गळे, मी म्हनो, झाडाची उमर झाली. त्यानं माती मुठीत घेतली, वास घेतला, म्हने, माती लय चांगली केली तू. मंग नखानं गेरू खरवडला, साल दाबली, तं ती मऊ. म्हने, पन हे झाडं तूच मारून राह्यला. पानी बुंध्याले टेकते, साल सडते, बुंध्याभोवती मातीचा उंचवटा कर अन् पानी दूर दे, फांद्याची सावली जिथं सरते तिथं.

कानशिलं गरम झाले माहे. ज्याच्या गावात झाडाले पानी घालत नाई तो मले पानी घालाचं शिकवते. पन त्यानं फावडं मागतलं अन् एका झाडाचा उंचवटा सोता करून दाखवला, दुसऱ्याचा मी केला, तं मान हलवून म्हने, पुन्हा कर. मी पुन्हा केला. साहेब पाहून राह्यले होते, अन् मले त्याइचं काईच वाटलं नाई. फुलं कमी काऊन म्हननारे जनमभर भेटले, पन माही चूक काढनारा हा पयला. चूक काढाले धंदा समजा लागते, अन् समोरचाबी त्याच धंद्यातला वाटा लागते. घरी येऊन बायकोले म्हटलं, तो म्हने मी झाडं मारले, अन् मले लय बरं वाटलं. ती म्हने, तुमचं डोकं फिरलं.

आता एक झाड गेलंच, वाचलं नाई. दुसऱ्याचा काई भरोसा नाई. तिसऱ्याले कोवळी पालवी आली आहे, सकाळी पयले तिथंच जातो. माह्या जागी ठेकेदाराचा कोनी मानूस येईन, त्याले पयल्या दिवशी तिथंच उभा करीन अन् माही चूक दाखवीन. ब्रेंडनभाऊ तिकडे पावसात असन, देव त्याचे गुडघे मजबूत ठेवो. मी माळी होतो, हे मले रिटायर व्हाच्या चार महिने आधी समजलं. उशिरा समजलं, पन समजलं.