लावतेय हं!

(ऑस्ट्रेलियातल्या डबो गावातला एक फ्लॅट. बायको गेल्यावर मेंढ्यांचं रान विकून डेस आपल्या कुत्र्यासह लेकीकडे, नेरिडाकडे, राहायला आला आहे.)

नेरिडा : टिंकर, ये रे बाहेर, केला बंद मिक्सर! बाबा, तूच बोलाव ना त्याला.

डेस : नऊ वर्षं मेंढ्या वळल्या यानं. मारका एडका अंगावर आला तरी तसूभर हलला नाही. आणि आता केळं-दुधाला घाबरून पलंगाखाली!

नेरिडा : नुसता लपला असता तर चाललं असतं. भुंकून इमारत डोक्यावर घेतो. सोसायटीची दुसरी चिठ्ठी आलीय. तिसरी आली की कुत्रा बाहेर.

डेस : आणि त्याच्या मागोमाग मी.

नेरिडा : जाशील कुठे? रान तर विकलंस.

डेस : बघेन कुठंतरी. ए टिंकर! गप! बाहेर ये म्हणतो ना!

नेरिडा : ओरडू नकोस रे. आधीच घाबरलाय, त्यात तुझी आरडाओरड.

डेस : लाडानं कुत्रं बिघडतं.

नेरिडा : बरं, मला सांग. लोकर कातरायच्या शेडमध्ये एवढी यंत्रं घरघरायची. तिथे काय करायचा हा?

डेस : घोरायचा. लोकरीच्या ढिगावर.

नेरिडा : मग माझ्या मिक्सरनं काय घोडं मारलंय?

डेस : तिथलं वेगळं. इंजिन चालू करायच्या आधी तुझी आई हाळी द्यायची, ‘लावतेय हं!’ आणि याला बिस्किटाचा तुकडा. अगदी पिल्लू होता तेव्हापासून.

नेरिडा : बाबा!

डेस : काय गं?

नेरिडा : अरे, मग त्याला आवाजाची भीती नाहीच! न सांगता अचानक येणाऱ्या आवाजाची आहे. थांब, मिक्सर मागच्या खोलीत नेते, टॉवेलात गुंडाळते. आज अगदी हळू. मी हाळी दिली की आवाज, आवाज आला की तू त्याला चीज द्यायचं.

डेस : चीज? मला सकाळी टोस्टवर एवढुसं लावलंस!

नेरिडा : तू भुंकत नाहीस. चल, बस तिथे. लावतेय हं!

डेस : अगं... कान टवकारले! नाक बाहेर आलं. बाकीचा अजून पलंगाखालीच आहे.

नेरिडा : नाकाला दे चीज. बाकीचा येईल सावकाश.

*

नेरिडा : आज आठवा दिवस. मिक्सर ओट्यावर, दार सताड उघडं. लावतेय हं!

डेस : डोळेसुद्धा उघडले नाहीत पठ्ठ्यानं. जीभ तेवढी बाहेर काढलीय, चीजसाठी.

नेरिडा : शाब्बास रे माझ्या राजा!

डेस : शेजारच्या बाई जिन्यात विचारत होत्या, कुत्रा गेला का म्हणून.

नेरिडा : मग?

डेस : म्हटलं, नाही, दोघंही इथेच आहोत.

नेरिडा : हे बरं बोललास. पण बाबा, मी हाळी दिली की तूही डोळे मिटून बसतोस. का रे?

डेस : आवाज अगदी तुझ्या आईचा आहे गं.

नेरिडा : ...बरं, आवरते आता. दूध संपलंय.

डेस : उद्या आणतो मी. आणि हे बघ, केळं-दूध नको असलं, तरी मिक्सर लावत जा रोज.