पत्रिकेचं पॅकिंग

न्हाई न्हाई, सोनाजीभाऊ, टेंपरेचरचा काटा खराब न्हाई. हे बघा, सेन्सरची वायर काढली अन् बॉडीला टेकवली — गेला का न्हाई काटा पार वर? मंग? काटा खरं बोलून राहिला. इंजनच तापून न्हाई राहिलं. अन् तुमी काय केलं, तर रेडिएटरपुढं हळदीचं पोतं बांधलं! थंडी वाजते व्हय जीपला? हसू नका, हसण्यावारी न्यायचं काम न्हाई हे. गाडी गरम होते म्हणून रडत येणारे मी तीस वर्षं पाहून राहिलो, गरम होत न्हाई म्हणून ह्या सेनगावात कोणी येत न्हाई. लोकायला वाटते, थंड हाय तर चांगलं हाय. काहून चांगलं? थंड इंजन डिझेल जास्त पिते, धूर मारते, आतल्या आत झिजते. आवाज न्हाई, तक्रार न्हाई — नुसतं झिजते.

हात लावा इथं, वरच्या पाईपाला. लावा, भाजत न्हाई. आत्ताच चालू केलं ना? तरी कोमट लागते ना? इथंच गडबड हाय. पाईप आदी गार पाहिजे, अन् इंजन तापलं का थर्मोस्टॅट वॉलची झडप उघडून एकदम चटका बसला पाहिजे. हे पह्यल्यापासूनच कोमट — म्हणजे वॉल उघडा अडकला, न्हाईतर जाग्यावरच न्हाई. दार सताड उघडं ठेवून शेकोटी केल्यावर घर तापते का? पाना द्या. तो न्हाई, तेराचा. गाडी हट्टा गावच्या माणसाकडून घेतली म्हणले ना, मागल्या साली? बघा आता — आलं. बघा! रिकामं! वॉलच न्हाई. उन्हाळ्यात गाडी गरम झाली का आमचे हे मिस्त्री — रेडिएटर साफ करायचा, पंखा बघायचा, तर न्हाई — वॉलच काढून फेकतेत. दोन मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश. असल्या माणसाचे हात तोडून — थांबा.

थांबा जरा. हे झाकणाखालचं पॅकिंग. उजेडात धरू द्या. कागदाचं हाय, जाड, सोनेरी काठाचं — काही न्हाई. काही न्हाई म्हणलं ना! लग्नपत्रिका हाय. पत्रिकेचा कागद चिवट असते, पॅकिंग चांगलं कापता येते, सगळेच कापतेत — न्हाई. खोटं काहून बोलू? मी कापतो. एवढ्या पत्रिका कोणाकडं उरतेत? ज्याच्या घरचं लग्न झालं न्हाई त्याच्याकडं. हे बघा, अर्धं नाव राहिलं, 'नाज'. गुलनाज. माझी पोरगी. म्हणजे तो वॉल काढणारा शहाणा मीच हाय, भाऊ.

इथंच काम करायची ती, माझ्या बराबरीनं. हिंगोलीला आयटीआय केलं तिनं. लग्नाला पंधरा दिवस होते, अन् सोयऱ्यांचा निरोप आला — पोरगी गॅरेजात जाते म्हणे, बंद करा. मी तिला इचारलं बी न्हाई, हो म्हणून टाकलं. तिनं सोता फोन लावून त्यायला न्हाई म्हणलं. मोडलं लग्न. त्या रागात मी तिचं दुकानात येणं बंद केलं, चार साल झाले. घरी शिलाई करते, मला जेवायला वाढते, भांडत न्हाई, रडत न्हाई. मला वाटलं, शांत झाली, बरं झालं. बरं! अन् ह्याच वॉलसाठी किती बोलायची मला, गिऱ्हाइकासमोर — अब्बा, काढू नका, नवा टाका, इंजन खाऊन राहिले तुमी. मी म्हणायचो, तू शिकवते का मला? तालुक्यात किती जीपांत तिचं नाव कापून बसवलं मी, अल्लालाच ठाऊक. लाज वाटून राहिली मला, भाऊ. लई लाज.

तुमी काहून उठले? बसा. शिव्या द्या, बराबर हाय. नवा वॉल मी टाकतो, पण आत किती झिजलं ते बघायला आज माझ्या हाताचा मला भरोसा न्हाई. तुमचा फोन काढा, नंबर सांगतो. माझा उचलते ती, पण भाजी काय आणायची, एवढंच बोलते. तुमी बोला. म्हणा, जीप हाय, इंजन तापत न्हाई, येऊन बघता का. माझं नाव घेऊ नका — वाजून राहिला? उचलला? बोला ना! काय म्हणते? वरचा पाईप हाताला कसा लागते? पह्यलं हेच इचारलं? पह्यलं हेच! सांगा, कोमट. सांगा, खोलून बघितलं, वॉल जाग्यावर न्हाई — काय इचारते? वॉल कोणी काढला म्हणते?

सांगा. माझं नाव सांगा. म्हणा, शाकीर मिस्त्रीनं काढला, तुमच्या अब्बानं, अन् त्याला आता — न्हाई. द्या इकडं तो फोन. तुमी जावा, चहा पिऊन या. जावा म्हणलं ना!